दिरहॅमला तेवीसने गुणण्याआधी

दुबई

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

इथल्या एअरलाइनने बाळ्याला दिलेल्या को-पायलटच्या ऑफर लेटरचे फोटो मिळाले. सोबत तू वहीच्या पानावर मांडलेला हिशेबही मिळाला: पगार गुणिले तेवीस (दिरहॅमचे रुपये), गुणिले बारा, आणि उत्तराखाली दोन रेघा. त्या रेघा बघूनच कळलं की तुझं जवळपास ठरलंय. फोनवर धड बोलणं होत नाही, मध्येच आई फोन काढून घेते, म्हणून सविस्तर लिहिते. (एअरबसच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला बाळ्या म्हणणं आपण कधीतरी थांबवायला हवं, पण ते नंतर.)

आधी पत्राचं दुसरं पान काढ. तिथे तीन ओळी आहेत: बेसिक, हाउसिंग अलाउन्स आणि फ्लाइंग पे. तू तिन्हींची बेरीज करून बारा महिन्यांना लावलीस. पण फ्लाइंग पे ब्लॉक तासांवर मिळतो, म्हणजे विमानाच्या चाकांखालचे अडसर (चॉक) निघाल्यापासून परत लागेपर्यंत जेवढे तास, तेवढ्याचाच. त्यांनी महिन्याला पंच्याऐंशी तास धरून आकडा छापलाय. ज्या महिन्यात सुट्टी घेतली, सिम्युलेटरची सहामाही परीक्षा आली किंवा ग्राउंड क्लास लागले, त्या महिन्यात तास पडतात आणि ती ओळ आक्रसते. माझ्या स्लिपवर सुट्टीच्या महिन्यात ती ओळ जवळजवळ निम्मी होते. बेसिक तेवढा ठाम असतो. आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात: पहिली पाच वर्षं दर वर्षामागे एकवीस दिवसांचा बेसिक, त्यानंतर तीस दिवसांचा. भारतासारखा सक्तीचा पीएफ नाही, पेन्शन नाही. त्यामुळे दोन ऑफर्सची बेरीज सारखी असली तरी बेसिक जास्त असलेली केव्हाही भारी. बाळ्याच्या पत्रात अलाउन्स फुगलेले आहेत आणि बेसिक बारीक आहे, हे मला पहिल्याच नजरेला खटकलं.

टॅक्सचं म्हणशील तर तुझं बरोबर आहे. इथे पगारावर आयकर नाही. तिकडे भारतात नव्या करपद्धतीत चोवीस लाखांच्या वर ३० टक्के, पन्नास लाखांच्या वर गेलं की सरचार्ज वेगळा. हा फायदा खराच आहे. २०१८ पासून खरेदीवर ५ टक्के व्हॅट आहे, पण त्याने कुणी बुडत नाही.

बुडवतं ते घर. कंपनीचं घर मिळालं तर डोळे मिटून घ्यायचं, असं माझं मत. अलाउन्स घेऊन बाहेर राहायचं, तर अलाउन्स मिळतो महिन्याच्या महिन्याला आणि घरमालकाला हवं असतं वर्षाचं भाडं एक, दोन, फार तर चार चेकमध्ये, पुढच्या तारखा टाकून, आधीच हातात. वर बिगरफर्निचरच्या घराला ५ टक्के डिपॉझिट, साधारण तेवढंच एजंटचं कमिशन, एजारीची (भाडेकराराची सरकारी) नोंदणी. मग वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी बारा हप्त्यांत वीज-पाण्याच्या बिलातून जाते. बिल हातात आलं की नवा माणूस आधी विजेलाच शिव्या घालतो. म्हणजे पहिला पगार व्हायच्या आत मोठी रक्कम बाहेर पडते. ती कुठून आणायची, हे तुझ्या वहीत कुठेच नाही. कर्ज काढून आणायची असेल तर त्याचा हप्ताही पगारातून वजा कर.

शाळेचा प्रश्न त्याला आज नाही. आम्हाला आहे. शाळेचा अलाउन्स आणि फी यांच्यातला फरक दरवर्षी आमच्या खिशातून जातो, आणि आम्ही तर भारतीय अभ्यासक्रमाची शाळा निवडली, ब्रिटिश शाळांपेक्षा बरीच स्वस्त. एकट्या माणसाचा हिशेब आणि चौघांचा हिशेब या दोन वेगळ्या नोकऱ्या समज. वहिनी मुली बघायला लागलीय असं आई म्हणाली, म्हणून लिहून ठेवलं.

आता तुझा तेवीसचा गुणाकार. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून रुपया डॉलरपुढे घसरला की आपोआप दिरहॅमपुढेही घसरतो. २०१० च्या सुमारास एका दिरहॅमचे साडेबारा रुपये यायचे. ज्यांनी तेव्हापासून पैसे जपले त्यांचं भलं झालं, यात शंका नाही. पण गुणाकार फक्त घरी पाठवलेल्या पैशाला लागू होतो. भाडं, गाडी, पेट्रोल, शाळा यांवर गेलेला दिरहॅम इथेच दिरहॅम म्हणून खर्च होतो, त्याला तेवीसने गुणून काय करणार? मी महिन्याच्या शेवटी भारतातल्या एनआरई खात्यात जे जातं त्यालाच पगार म्हणते. बाळ्याला सांग, बेसिक अधिक साठ तासांचा फ्लाइंग पे धर, खर्च वजा कर, उरलेल्याला गुण, आणि मग तिकडे कर भरून हातात उरतं त्याच्याशी ताड. तफावत तुझ्या दोन रेघांपेक्षा खूप लहान निघेल. तरीही इकडचाच आकडा मोठा असेल, हेही सांगून टाकते.

हे झालं चालू पगाराचं. तो थांबला तर? २०२० मध्ये आखातातल्या एअरलाइन्सनी शेकड्यांनी पायलट कमी केले. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसाबरोबर कंपनीचं घर, आणि ठरलेल्या मुदतीत सामान बांधून निघायचं. हाँगकाँगला कॅथे पॅसिफिकने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५,९०० नोकऱ्या कापल्या, कॅथे ड्रॅगन ही आपली उपकंपनी बंदच केली, आणि उरलेल्या पायलटांपुढे कमी पगाराचे नवे करार ठेवले. त्याच्या चार-पाच वर्षं आधी चिनी कंपन्या परदेशी कॅप्टनना वर्षाला तीन लाख डॉलरच्या आसपास देत होत्या, आमच्याकडचे काही जण हुरळून तिकडे गेले, आणि कोविडमध्ये बिनपगारी रजेवर बसले. पण तू लगेच म्हणशील, भारतात तरी काय शाश्वती? मान्य. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा महिनोन् महिने पगार न मिळालेले कॅप्टन इकडे आले, त्यांच्यातल्या दोघांबरोबर मी आजही उडते. फरक इतकाच की तिकडे नोकरी गेली तरी राहायला आपलं घर असतं.

आणि आता माझा खरा मुद्दा, जो तुझ्या वहीत येणं शक्यच नव्हतं. पायलटच्या पगारात सगळ्यात मोठी उडी देश बदलल्याने येत नाही, डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसल्याने येते. भारतात २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. एवढी विमानं उडवायला कॅप्टन लागणार, म्हणून तिकडे कमांड, म्हणजे कॅप्टनपद, लवकर मिळते. बाळ्याचा नंबर पुढच्या दीड-दोन वर्षांत लागेल असं तोच म्हणतो. इथे आला की सीनियॉरिटी शून्यापासून. मोठं विमान मिळेल, बोइंग ट्रिपल सेव्हनचे फोटो छान येतील, पण कमांडच्या रांगेत तो शेवटी उभा राहील. शिवाय ट्रेनिंग बाँड, म्हणजे पटलं नाही तरी लगेच निघता येणार नाही. त्याने आधी तिकडे कमांड घ्यावी, कॅप्टन म्हणून तास जमवावेत आणि मग कॅप्टन म्हणूनच बाहेर यावं, असं मला वाटतं. तेव्हाची ऑफर वेगळीच असेल.

त्याला माझं पटलेलं नाही. परवा म्हणाला, "आत्या, आज मेडिकल फिट आहे, उद्याचं कुणी बघितलंय? मिळतंय तोवर कमवतो." यात तथ्य आहे. दरवर्षीची मेडिकल हा आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरचा टांगता दगड आहे, एका ईसीजीवर करियर थांबलेले लोक मी पाहिलेत. पण त्यावर उपाय लॉस ऑफ लायसन्सचा विमा, तो त्याने आजच काढावा, जिथे असेल तिथे. दुसरं म्हणजे नोटीस: आज को-पायलट म्हणून सहा महिन्यांची आहे, कमांड मिळाली की डीजीसीएच्या (भारतातल्या विमान नियामकाच्या) नियमाप्रमाणे एक वर्षाची होईल. नंतर निघणं आजच्याइतकं सोपं नसेल, हे मी लपवत नाही.

टाइप रेटिंगचं, म्हणजे एअरबस उडवायच्या ट्रेनिंगसाठी काढलेलं, कर्ज किती उरलंय ते कळव. ते मोठं असेल तर मी वर लिहिलेलं थोडं बदलेल, कारण रुपयातला हप्ता दिरहॅममधून पटकन फिटतो. आणि कराराचं बाँडचं पान फोटोत अर्धं कापलं गेलंय, ते नीट काढून पाठव.

आईला साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार.

तुझी,
ताई

ता. क. – जायचंच ठरलं तर महिना बघून जा म्हणावं. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले की त्या वर्षी तो तिकडचा रहिवासी ठरतो आणि इथला पगारही तिकडच्या करात येऊ शकतो. फेब्रुवारीत राजीनामा दिला तर ऑगस्टमध्ये सुटेल, ते ठीक. जूनमध्ये दिला तर डिसेंबर उजाडेल. सीएला विचारल्याशिवाय तारीख टाकू नये.