वर बघून बोल

चाकण, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. घातल्या असशील तेवढ्या शिव्या मान्य. शुगर आटोक्यात आहे, बाकी बरं.

बायकोला सांगायला गेलो तर म्हणाली, "कंपनीचा नियमच तो, तुमचा काय दोष?" म्हणून तुला लिहायला बसलो.

शुक्रवारी लाइनवरच्या ठेकेदाराच्या एका पोराला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं. यादी एचआरची, पण ह्याच्या २१८ हजेऱ्या झाल्यात हे मस्टर बघून कळवलं मीच. २४० दिवसांचं गणित तुला काय सांगायचं! वर्षात तेवढे भरले की माणूस सलग नोकरीतला धरायचा, मग काढताना नोटीस द्या, भरपाई द्या. त्यापेक्षा आधीच गेटपास काढून घेतात. कायदा केला कामगारासाठी, तोंडपाठ मात्र एचआरला.

पोरगं हुशार रे. माप तपासायचं गेज मागच्या टेबलावर असायचं, मशीनवरच्या दर जॉबला वळावं लागायचं. ह्यानं ते स्प्रिंगला बांधून मशीनवरच टांगलं. जॉबमागं चार सेकंद वाचले. मागच्या महिन्यात प्लँट हेडनं स्टीलचा डबा दिला, टाळ्या झाल्या, कामातल्या सुधारणांच्या कायझन बोर्डावर फोटो लागला. फोटो अजून आहे. गेजही लटकतंय. बोर्डाच्या वर लिहिलंय, 'आपण सारे एक कुटुंब'. ह्या कुटुंबात परमनंटचा शर्ट निळा, ठेक्याचा करडा, आणि जेवायच्या रांगा दोन.

"साहेब, माझं काय चुकलं?" एवढंच विचारलं त्यानं. मी आपला सेफ्टी शूजकडं बघत उभा. आणि आठवला कोण, तर आपल्याला कामावरून काढणारा भोसरीचा टकल्या! तू हेल्मेट आपटून ओरडला होतास, "वर बघून बोल!" आणि तो बुटांवरची नजर काढेना. मी मागून तुझी बाही ओढत होतो, गप्प बसलो तर परत घेतील म्हणून. घेतलं की. मला. त्यावरून तीन वर्षं तू बोलला नाहीस. तू दीड म्हणतोस, पण तीनच.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीचं ॲडमिशन झालं का? कळव.

गॅरेजात लेथ घेतलास म्हणत होतास ना? पोरगं तुमच्या कऱ्हाडकडचंच आहे. त्याला अजून काही बोललो नाही. जमणार नसेल तर सरळ नाही म्हण, पण फोन कर. ह्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे, चारनंतर केव्हाही.

तुझा,
सद्या