एकट्यानं खेळायच्या गेमला अकाउंटची सक्ती: बहिष्कार टाकाच

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं, की गेम काढणाऱ्या कंपनीनं स्वतःचा प्लॅटफॉर्म, म्हणजे स्वतःचं नेटवरचं दुकान आणि तिथलं अकाउंट, सक्तीचा केला म्हणून बहिष्काराची भाषा करणं हा रिकामटेकड्या पोरांचा उद्योग आहे. नाही पटत तर खेळू नका, बोभाटा कशाला? मी यावलला कॉम्प्युटर-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि शटर ओढल्यावर रात्री स्वतःही गेम खेळतो. माझं म्हणणं त्यांच्या अगदी उलट आहे. बहिष्कार टाकायलाच पाहिजे, आणि तो बोलून दाखवूनच टाकायला पाहिजे. मुकाट्यानं पाठ फिरवणारं गिऱ्हाईक का गेलं, हे कंपनीला कधीच कळत नाही.

आधी एक खुलासा. आपल्याकडे गेम म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळायची ॲप येतात. तसल्या खेळांवर संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली, ते बरंच झालं. मी बोलतोय ते एकदाच पैसे मोजून विकत घेतलेल्या गेमबद्दल. गाड्यांच्या शर्यती, फुटबॉल, लढाया, शहर वसवायचे खेळ. यातला बराचसा माल आज दीड-दोन हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंत जातो. आमच्या भागात ही रक्कम लहान नाही.

एवढे पैसे भरूनही गेम थेट उघडत नाही. आधी कंपनीचा लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारा तिचा वेगळा प्रोग्राम, टाका, ईमेल आणि फोन नंबर देऊन अकाउंट काढा, पानंच्या पानं अटी खाली सरकवून 'मान्य' दाबा, आणि त्यानंतर कंपनीचा सर्व्हर हो म्हणाला तर खेळ सुरू. नेटवर चार जण मिळून खेळायचा गेम असेल तर सर्व्हर लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या खेळात समोर दुसरा माणूसच नाही, त्याला ही अट कशासाठी? विहीर आपल्या शेतात, मोटर आपल्या पैशाची, आणि स्टार्टरची चावी मात्र सातासमुद्रापलीकडच्या माणसाच्या खिशात, असा हा कारभार आहे.

याची सुरुवात जुनी आहे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ २' आला, तेव्हा व्हॉल्व्ह कंपनीनं दुकानातून गेमचा डबा विकत घेणाऱ्यालाही स्टीम या आपल्या नेटवरच्या गेमच्या दुकानाचं अकाउंट सक्तीचं केलं. लोक तेव्हाही भडकले होते. पुढं स्टीमनं सोयी दिल्या, सेल लावले, आणि राग निवला. मग बाकीच्या कंपन्यांनी हिशेब मांडला, की स्टीमवर विकलं तर तीस टक्के तिकडे जातात. ईए या गेम कंपनीनं २०११ मध्ये ओरिजिन हे स्वतःचं दुकान काढलं आणि 'बॅटलफिल्ड ३' स्टीमवर ठेवलाच नाही. २०१२ चा 'मास इफेक्ट ३' डबा आणला तरी ओरिजिनशिवाय उघडत नसे. युबिसॉफ्टनं आपलं वेगळं दुकान थाटलं, एपिकनं २०१८ च्या शेवटी बाराच टक्के घेऊ असं सांगून आणखी एक उघडलं. भांडण त्यांच्या हिश्शाचं होतं. त्या वाचलेल्या टक्क्यांतून गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडलं? या कारणानं किंमत खाली आलेली मी तरी आजवर पाहिली नाही. पुढं ईए २०१९ ला आणि युबिसॉफ्ट २०२२ ला नवे गेम घेऊन स्टीमवर परतले, पण आजही त्यांचे बहुतेक गेम स्टीमवर घेतले तरी मागून त्यांचा स्वतःचा लाँचर उघडतोच. म्हणजे पूर्वी दारावर एक जण होता, आता दोन आहेत.

माझ्या दुकानात 'लॅपटॉप स्लो झाला' म्हणून जे येतं, त्यात कॉलेजच्या मुलाचं मशीन असेल तर मी पहिल्यांदा स्टार्टअपची यादी उघडतो. चार जीबी रॅमचा सेकंडहँड लॅपटॉप, आणि विंडोज चालू होतानाच तीन-चार कंपन्यांचे लाँचर एकदम जागे होऊन आपापली अपडेट ओढायला लागलेले. ते बंद केले की निम्मं काम तिथंच होतं. त्यासाठी मी पैसे घेतो. पण ज्याची गरजच नव्हती ते मशीनमध्ये घुसलं म्हणून गिऱ्हाइकानं मला पैसे द्यावेत, हे मला पटत नाही.

आता एक उदाहरण सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातला मुलगा. उन्हाळ्यात केळीच्या गाड्या भरायला जाऊन त्यानं पैसे जमवले आणि शर्यतीचा एक गेम डब्यातून घेतला. डब्यात डिस्क नव्हतीच, एक कागद होता आणि त्यावर छापलेला कोड. सगळा गेम नेटवरून उतरवायचा. त्याच्या मोबाइलला रोजचा दीड जीबी, गेम पन्नास जीबीच्या वर. शेवटी पुण्याला असलेल्या आतेभावानं आपल्या खोलीवर लॅपटॉप मागवून घेतला, वायफायवर गेम उतरवला, आणि घाईत अकाउंट स्वतःच्याच ईमेलवर काढलं. काही महिने पोरगं खुशीत खेळलं. मग लाँचरनं पुन्हा लॉगिन मागितलं आणि खात्री करायला कोड पाठवला, तो आतेभावाच्या जुन्या नंबरवर, जो तोवर बंद झाला होता. पोरगं माझ्याकडे आलं. मी कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं. त्यांनी खरेदीची पावती मागितली. पावती होती, पण तिच्यावर कोड छापलेला नव्हता, म्हणून ती चालली नाही. कोडचा कागद पाठवला, तर उत्तर आलं की हा कोड आधीच दुसऱ्या खात्यावर वापरला गेला आहे. दुसरं खातं म्हणजे तेच, जे उघडून द्या म्हणून आम्ही हात जोडत होतो. लॅपटॉपमध्ये सगळा गेम जसाच्या तसा पडलेला, गावात लाइटही असलेली, आणि मुलगा त्या पडद्याकडे बघत बसलेला. 'काका, पैसे तर मी पूर्ण दिले होते ना?' असं त्यानं विचारलं. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच्याच गल्लीत दुसऱ्या मुलाकडे तोच गेम क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेला, आहे. पेनड्राइव्हवर आला, टाकला, चालू. त्याला ना लॉगिन, ना कोड, ना पावती. कंपन्या म्हणतात की हे सगळं चोरी थांबवायला आहे. आमच्याकडे चोरी थांबलेली नाही, उलट ज्यानं घाम गाळून खरा माल घेतला त्यालाच शिक्षा झाली. जळगाव, भुसावळ, धुळे कुठंही बघा, खान्देशात पोरं पूर्वी सर्रास पायरेटेड सीडीच घ्यायची. अलीकडे कुठं कष्टाच्या पैशानं खरा गेम घेण्यात अभिमानाची भावना मुलांत आली आहे. ती या सक्तीनं मारली जाते, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

शिवाय डिस्क होती तेव्हा एक गेम चार घरांत फिरायचा. खेळून झाला की निम्म्या किमतीला विकायचा, त्यात भर टाकून दुसरा घ्यायचा. कोड एकदा अकाउंटला चिकटला की ना विकता येत, ना धाकट्या भावाच्या नावावर करता येत.

यावर 'कंपनी मोठी आहे, ती काय पळून जाते?' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन घटना पुरेत. ईएचा 'सिमसिटी' मार्च २०१३ मध्ये आला. शहर तुम्ही एकटेच वसवणार, तरी नेट कायम चालू पाहिजे. पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक बाहेर ताटकळले. सगळा हिशेब सर्व्हरवर चालतो, म्हणून नेटशिवाय जमणार नाही, असं सांगितलं गेलं. वर्षभरानं, मार्च २०१४ मध्ये, त्याच गेमला ऑफलाइन मोड, म्हणजे नेटशिवाय खेळायची सोय, आला. दुसरी घटना युबिसॉफ्टच्या 'द क्रू'ची. २०१४ चा गेम, एकट्यानं खेळण्याची भली मोठी गोष्ट त्यात होती. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि तो गेम सगळ्यांसाठीच संपला, पूर्ण पैसे मोजलेल्यांसाठीसुद्धा. यावरूनच रॉस स्कॉट या माणसानं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली, आणि विकलेले गेम असे कायमचे बंद पाडू नका, या तिच्या मागणीवर युरोपात २०२५ च्या जुलैमध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. त्याआधीच, लोक बोलायला लागल्यावर, सप्टेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टनं त्या मालिकेतल्या पुढच्या दोन गेमना ऑफलाइन मोड देऊ असं जाहीर केलं. बोभाटा केला म्हणूनच ते झालं.

बहिष्कार फसतातही, हे मी नाकारत नाही. २००९ मध्ये 'मॉडर्न वॉरफेअर २'वर बहिष्कार टाकणाऱ्यांनी स्टीमवर मोठा गट काढला होता. गेम आला त्या दिवशी त्याच गटातले बरेच सभासद तोच गेम खेळताना दिसले. नुसतं नाव नोंदवलं आणि पैसेही भरले, तर कंपनी कशाला ऐकेल? याउलट मे २०२४ मध्ये सोनीनं 'हेलडायव्हर्स २' कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांना प्लेस्टेशन नेटवर्क या आपल्या सेवेचं अकाउंट जोडणं सक्तीचं करत असल्याचं जाहीर केलं, तेही गेम विकून झाल्यावर. जगातले दीडशेहून जास्त देश-प्रदेश असे, की तिथं ते अकाउंट काढायची सोयच नाही. लोकांनी पैसे परत मागितले, दोन लाखांवर नापसंतीचे शेरे पडले, आणि तीन दिवसांत सोनीनं निर्णय मागे घेतला. फरक उघड आहे. एका ठिकाणी पैसा गेला होता, दुसऱ्या ठिकाणी तो परत निघाला होता.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की गेम यायच्या आधी बुकिंग करू नका. कंपनीचा जोर सगळा आगाऊ पैशावर असतो. घेतल्यावर सक्ती दिसली तर पैसे परत मागा. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर ते मिळतात. ही सोयसुद्धा कुणी प्रेमानं दिलेली नाही. स्टीमवर परताव्याची रीतसर सोय २०१५ मध्ये आली. त्याआधी २०१४ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं होतं, आणि पुढं तिला तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. जीओजीसारखं दुकानही आहे, जिथं गेमची फाइल तुमच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि एकट्यानं खेळायला नेट लागत नाही. पैसा घालवायचाच तर तिकडे घालवा.

आपल्याकडेही कायदा नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एक प्रकार स्पष्ट लिहिला आहे: घ्यायची वस्तू एक आणि त्यासाठी भलत्याच सेवेत नाव नोंदवायला किंवा खासगी माहिती द्यायला भाग पाडणं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सबळ कारण नसताना एकतर्फी करार तोडायचा हक्क स्वतःकडे ठेवणं हे अन्यायकारक कराराच्या व्याख्येत आहे. शिवाय वस्तूत किंवा सेवेत खोट असल्याची तक्रार आता ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणजे यावलच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, जळगावला जाऊन येता येतं. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर तर फुकट आहे. त्या मुलाची तक्रार आम्ही तिथं नोंदवली आहे. गेमच्या बाबतीत हे कलम कसं लावतात ते बघायचं आहे, पण तक्रारीच गेल्या नाहीत तर ते लागणारच नाही.

त्या वाचकांना माझी विनंती आहे की यात पोरखेळ बघू नका. आज गेम आहे, उद्या हीच अट शेतातल्या फवारणी यंत्राला आणि घरातल्या टीव्हीला लागेल.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. आपल्या पुरवणीत नव्या गेमची ओळख येते, चित्रं कशी आहेत, गोष्ट कशी आहे ते सगळं छापून येतं. त्याखाली दोन ओळी अजून छापा: कोणतं अकाउंट सक्तीचं आहे, आणि नेट बंद असताना हा गेम सुरू होतो की नाही. गावाकडच्या आईबापाला इंग्रजी अटी वाचता येत नाहीत, पण तुमचा पेपर ते वाचतात.

आपला,
एक संगणक दुरुस्ती दुकानदार
यावल, जि. जळगाव