साप-बेडूक पाहायला जाणाऱ्यांनी दगड जागेवर ठेवावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस पडला की यावल, चोपडा, रावेर या तालुक्यांतून सातपुड्याच्या पायथ्याकडे साप, सरडे, पाली आणि बेडूक पाहायला जाणाऱ्या तरुणांच्या मोटारसायकली दिसू लागतात. जळगाव, भुसावळहूनही मुले येतात. या छंदाला ती ‘हर्पिंग’ म्हणतात. साप दिसला की आधी काठी शोधली जाते अशा आपल्या भागात ही मुले त्याची जात विचारतात, वहीत नोंद करतात, याचे शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माझ्यासारख्याला मनापासून समाधान वाटते. त्यांच्या हातून नकळत होणारे एक नुकसान मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

गेल्या आषाढात एका मित्रासोबत डोंगरउतारावरच्या नाल्याच्या काठाने जात असताना ओळीने उलटून टाकलेले दगड दिसले. मोजले तर तेवीस भरले. प्रत्येकाची मातीने माखलेली, कायम सावलीत राहिलेली बाजू वर आलेली होती आणि काहींच्या शेजारी त्यांच्याच आकाराचा फिकट खळगा उघडा पडला होता. एका दगडाच्या पोटाला पालीची दोन पांढरी अंडी चिकटलेली होती. चार दिवसांच्या उघडिपीत ती तडकली होती आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

खानदेशातला उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला दगडाखालच्या ओलीची किंमत वेगळी सांगायला नको. वरची जमीन तव्यासारखी तापलेली असताना मोठ्या दगडाच्या पोटाशी गारवा टिकून असतो, आणि त्या बोटभर फटीत गोम, विंचू, वाळवी, त्यांना खाणाऱ्या पाली आणि दिवसभर विसावणारे फुरसे असे सगळे एकमेकांच्या आधाराने राहतात. ही फट एका दिवसात तयार होत नाही. कित्येक पावसाळ्यांची माती दगडाच्या कडेने बसते, मुळ्या शिरतात, तेव्हा कुठे आत राहण्याजोगी जागा होते. दगड नुसता कलता टाकला तरी वारा आत शिरतो, ओल उडते आणि ते घर संपते.

म्हणून जमिनीत खोल रुतलेला दगड उपटू नये आणि खडकाच्या कपारी पहारीने फोडू नयेत. सैल दगड उचलायचाच असेल तर तो आकड्याने, म्हणजे वाकड्या टोकाच्या काठीने, पलीकडची कड धरून आपल्याकडे झुकवावा, म्हणजे दगड आपल्या व प्राण्याच्या मध्ये आडोसा म्हणून राहतो आणि प्राण्याला समोरून निघून जायला वाट मिळते. पाहून झाले की दगड त्याच खळग्यात, त्याच बाजूने बसवावा. प्राणी तिथेच असेल तर आधी त्याला बाजूला होऊ द्यावे, मग दगड ठेवावा; तो कडेने आपला आपण आत शिरतो. प्राण्यावरच दगड ठेवला तर तो चिरडला जातो, आणि घाईत असे घडल्याचे मी ऐकले आहे. नागपंचमीला नांगर न धरणाऱ्या, जमीन न खणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही काळजी परकी वाटू नये.

बेडकांच्या बाबतीत वेगळी घाई होते. पहिल्या मोठ्या पावसानंतर शेताकडेच्या डबक्यांत बैलबेडकाचे नर पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून माद्यांना साद घालतात. हा सोहळा मोजके दिवसच चालतो आणि नेमक्या त्याच दिवसांत छायाचित्रासाठी माणसे थेट पाण्यात उतरतात. भेकाची अंडी काळ्या मण्यांच्या माळेसारखी पाणगवतात गुंतलेली असतात. एका पावलाखाली किती जातात याचा अंदाजही येत नाही. बेडूक कातडीनेही श्वास घेतो, त्यामुळे डास पळवण्याचे मलम लावलेल्या हाताने त्याला धरणे म्हणजे ते मलम त्याच्या अंगात उतरवणे होय. जगभर बेडकांच्या अनेक जातींचा नाश करणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे आणि ती ओल्या बुटांवरून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते. एका डबक्याहून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी बूट घासून, धुऊन कडक वाळवले पाहिजेत.

नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोहही आवरला पाहिजे. सातपुड्याच्याच नावाने ओळखली जाणारी बिबट्या पालीची एक जात 2014 मध्ये शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. दक्षिण चीनमधील अशाच एका पालीचे ठिकाण शोधनिबंधात छापले गेल्यावर पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ती त्या जागेवरून संपवली होती. मांडूळ सापाच्या तस्करीपायी आपल्याकडे काय चालते, हे वृत्तपत्रांच्या वाचकांना ठाऊकच आहे. छायाचित्र टाकताना तालुक्याचे नाव लिहिले तरी पुरे.

कायदाही याच बाजूचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे, हाकणे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेही येते. यावल अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, ही तर पहिली अट. रात्री फिरताना उंच बूट आणि चांगला टॉर्च हवाच; आणि दंश झालाच तर आवळपट्टी, चिरा, मंत्र यांत वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

वन विभागाने अभयारण्याची परवानगी देतानाच या गोष्टी तोंडी समजावून सांगाव्यात आणि गावोगावच्या सर्पमित्रांनी नव्या मुलांना आकडा हाती देण्याआधी दगड जागेवर बसवायला शिकवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या दिवशी आम्ही दोघांनी तेवीसपैकी नऊ दगडांचे खळगे ओळखून ते पुन्हा बसवले. उरलेल्या चौदांचे खळगे वाहून आलेल्या मातीने भरून गेले होते.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
यावल, जि. जळगाव