शनिवार तळघरात

प्रिय दोस्ता,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मॉण्टिसेलो, म्हणजे अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याचं डोंगरावरचं घर, बघण्यासारखं आहे का, एवढंच विचारलं आहेस. आहे. पण व्हर्जिनियाला जाण्याआधी बॉस्टनजवळच्या क्विन्सीला जाऊन ये, त्याच्या आधीच्या अध्यक्षाच्या, जॉन ॲडम्सच्या घरी. जेफरसनचा डोंगर आधी चढलास तर नंतर ॲडम्सचं घर डोळ्यांत भरणार नाही. आधी ॲडम्सकडे गेलास, तर जेफरसनच्या थाटामागे किती माणसं राबत होती, ते आपोआप दिसायला लागेल.

क्विन्सी सोपं आहे. बॉस्टनच्या मेट्रोची रेड लाइन पकडायची, क्विन्सी सेंटरला उतरायचं. थंडीत घर बंद असतं, तेव्हा तारखा बघूनच तिकिटं काढ. घर १७३१ चं. ॲडम्स लंडनला वकिलातीवर होता तेव्हा, १७८७ मध्ये, त्याने ते घेतलं. पुढच्या वर्षी लंडनच्या ऐसपैस घरातून परतलेल्या त्याच्या बायकोला, ॲबिगेलला, ते रेन पक्ष्याच्या घरट्याएवढं वाटलं. रेन म्हणजे चिमणीहूनही लहान पक्षी, यावरून बाईंचा वैताग समज. नंतर त्यांनीच ते वाढवून घेतलं. बागेतली दगडी ग्रंथशाळा मात्र १८७० ची. पोराने, म्हणजे जॉन क्विन्सी ॲडम्सने, मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की पुस्तकं आणि कागद आगीपासून सुरक्षित अशा इमारतीत ठेवा, म्हणून ती घरापासून वेगळी बांधली. तो शहाणपणा किती मोलाचा, ते जेफरसनच्या पुस्तकांकडे बघून कळतं. त्याची ६,४८७ पुस्तकं १८१५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, २३,९५० डॉलरला घेतली आणि १८५१ च्या आगीत त्यातली दोन तृतीयांश जळाली.

आता पत्रं. ॲडम्स १८०० ची निवडणूक जेफरसनकडून हरला आणि ४ मार्च १८०१ ला, शपथविधी व्हायच्या आत, पहाटे चारच्या घोडागाडीने राजधानीतून निघून गेला. दोघांचा अबोला जवळजवळ अकरा वर्षं टिकला. दोघांचा मित्र डॉक्टर बेंजामिन रश याने मध्यस्थी केली आणि १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सने पहिलं पत्र टाकलं. तिथून दोघांच्या मृत्यूपर्यंत १५८ पत्रं झाली: ॲडम्सची १०९, जेफरसनची ४९. सगळी वाचायची गरज नाही. पहिली दोन मात्र एकापाठोपाठ वाच. ॲडम्स लिहितो, आमच्याकडे नुकतेच तयार झालेले घरच्या सुताचे दोन तुकडे पाठवतो आहे. पुडकं पत्राच्या मागे राहिलं. जेफरसनला वाटलं खरंच कापड आहे. त्याने पिंजणयंत्र, सूतकताईचं यंत्र, धावत्या धोट्याचा माग अशी व्हर्जिनियातल्या घरगुती विणकामाची सगळी हकिकत लिहून धाडली. पुडक्यात होते ॲडम्सच्या पोराच्या वक्तृत्वशास्त्रावरच्या व्याख्यानांचे दोन खंड! माझ्या मते दोघांचे स्वभाव याहून नेमके कुठेच सापडत नाहीत. ॲडम्स थट्टा करणार, जेफरसन तपशील देणार. त्यानंतर १५ जुलै १८१३ चं ॲडम्सचं पत्र घे. आपण एकमेकांना नीट समजावून सांगितल्याशिवाय तू आणि मी मरता कामा नये, असं त्यात आहे.

यातलं जेफरसनचं एकही पत्र हरवलं असेल अशी काळजी करू नकोस. तो प्रत ठेवल्याशिवाय पत्र टाकत नसे. आधी त्याच्याकडे जेम्स वॉटचं दाबयंत्र होतं. खास शाईने लिहायचं, त्यावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचं. अक्षर उलटं उमटतं, म्हणून कागद पातळ हवा, मागच्या बाजूने वाचता येतो. कागद जास्त ओला झाला की शाई फुटते, कमी ओला राहिला की प्रत फिकी येते. १८०४ पासून तो पॉलिग्राफ वापरू लागला. एका चौकटीला दोन लेखण्या जोडलेल्या. एक हातात धरून लिहायचं, दुसरी शेजारच्या कागदावर तेच गिरवते. त्याला हे त्या काळातलं सर्वांत सुंदर यंत्र वाटे, तरी बनवणाऱ्याला दुरुस्त्या सुचवणं काही थांबलं नाही.

मॉण्टिसेलोला वॉशिंग्टनहून गाडीने अडीच तास धर. नेहमीच्या तिकिटात फक्त तळमजला दाखवतात. घुमटाची खोली बघायची तर वेगळ्या फेरीचं तिकीट आधीच काढ. जिने इतके अरुंद आहेत की थोड्याच माणसांना वर सोडतात.

घराआधी पाणी बघ. आपल्याकडे आज्ञापत्रात अमात्यांनी बजावलं आहे की गड बांधण्याआधी पाणी पाहा. जेफरसनने आधी डोंगरमाथा सपाट केला आणि १७६९ मध्ये ६५ फूट विहीर खणली. पाऊस कमी झाला की ती आटायची, मग खालच्या झऱ्यांवरून पाणी वाहून आणायचं. शेवटी, अध्यक्षपद सुटायच्या सुमाराला, छपराचं पाणी साठवायला चार टाकी केली. प्रत्येक टाकं आठ फूट लांब, तेवढंच रुंद, तेवढंच खोल, म्हणजे साधारण साडेचौदा हजार लिटरचं. हिशेब चोख, पण गिलावा पाणी धरेना, टाकी गळत राहिली. कातळात टाकी खोदणाऱ्या आपल्या पाथरवटांना हसू आलं असतं.

आत शिरल्यावर दारावरचं घड्याळ. त्याची वजनं तोफगोळ्यांसारखी, दोन्ही कोपऱ्यांतून दोरांवर खाली उतरणारी. भिंतीवर वारांची नावं आहेत. गोळा जिथे पोचला तो आजचा वार. रविवारी शिडी लावून चावी द्यायची. आठवड्याच्या दोराला खोलीची उंची पुरली नाही, म्हणून जमिनीला भोकं पाडली. शनिवार तळघरात गेला. त्याच घड्याळाची दुसरी तबकडी बाहेरच्या अंगाला आहे, तिला फक्त तासकाटा. छपरावरची चिनी घंटा लांबपर्यंत ऐकू जाई. आत मिनिटं मोजली जात. शेतात राबणाऱ्यांना तास पुरे, असा मालकाचा हिशेब.

जेवणघरात मार्गदर्शक शेकोटीच्या कडेचे, बाटल्या वर आणणारे छोटे पाळणे कौतुकाने दाखवतील. खालच्या तळघरात कोणीतरी बाटली ठेवायचं, वर ओढली की मद्य हजर. जेवणघराच्या एका दाराच्या मध्यावर आस आहे, मागच्या बाजूला फळ्या. पलीकडून ताटं मांडायची आणि दार फिरवायचं. पाहुण्यांना युक्तीचं नवल वाटे. वाढणाऱ्या माणसांचे कान दूर राहत आणि माणसंही दिसत नसत. जेम्स हेमिंग्जला जेफरसनने फ्रेंच स्वयंपाक शिकायला पॅरिसला नेलं आणि १७९६ मध्ये मुक्त केलं, पण त्याने सगळी विद्या भावाला शिकवल्यावरच.

तेव्हा घरातून निघालास की थेट बसकडे जाऊ नकोस. मलबेरी रो नावाच्या रस्त्यावर चाल, गुलामांच्या जीवनावरची फेरी चुकवू नकोस. इथे १७९४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला. दहा ते सोळा वर्षांची मुलं हातोडे मारत. किती लोखंड दिलं आणि किती वजनाचे खिळे परत आले, हे जेफरसन मुलागणिक लिहून ठेवी, म्हणजे वाया किती गेलं ते कळे. जन्मतः सगळे समान, हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं वाक्य ज्या हाताने लिहिलं त्याच हाताची ही वही. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं त्याच्या मालकीची होती. ॲडम्सच्या मालकीचा एकही गुलाम कधी नव्हता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना, हे इथे आठवतंच.

दोघेही ४ जुलै १८२६ ला गेले, जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वर्षी. जेफरसन दुपारी, ॲडम्स संध्याकाळी. जेफरसनच्या थडग्यावर त्याने स्वतः ठरवलेल्या तीन गोष्टी आहेत: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि विद्यापीठ. अध्यक्षपदाचा उल्लेख नाही. मागे राहिलेलं कर्ज १,०७,००० डॉलर, तेही तिथे नाही. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये घराच्या हिरवळीवर लिलाव पुकारला. सामानाबरोबर १३० माणसंही विकायला काढली. लोहार जोसेफ फॉसेटला मृत्युपत्राने मोकळं केलं होतं, बायकोमुलांना नाही. त्याचा मुलगा पीटर अकरा वर्षांचा होता, तोही विकला गेला. पुढे तो सुटला, सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला. म्हातारपणी मॉण्टिसेलो एकदा बघायचं मनात होतं, तेव्हा त्याच्या चर्चमधल्या लोकांनी वर्गणी काढून १९०० मध्ये त्याला तिकडे पाठवलं.

वहिनींना नमस्कार. परतल्यावर घड्याळाचा गोळा कोणत्या वारावर होता, ते कळव.

तुझा
मित्र