‘६७ टक्के’ नेमके कशाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परकी भाषा आणि आनुवंशिकता या विषयावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. जुळ्या मुलांच्या अभ्यासातील एक आकडा देऊन लेखकाने असा निष्कर्ष काढला आहे की, परकी भाषा शिकण्याची क्षमता ६७ टक्के जन्मजात असते आणि शिक्षकाने व विद्यार्थ्याने काय करायचे ते उरलेल्या ३३ टक्क्यांतच करायचे. मी गेली २२ वर्षे प्रौढांना जर्मन शिकवतो. ‘आमच्या घराण्यातच कुणाला भाषा जमत नाहीत’ असे म्हणून दुसऱ्या महिन्यात वर्ग सोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या हाती आता छापील आकडा पडला, म्हणून हे पत्र.

आकडा खोटा नाही. ब्रिटनमधील १४ वर्षे वयाच्या, सहाशेहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांवर झालेला तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. परंतु तो आकडा कोणा एका मुलाविषयी काहीच सांगत नाही. त्या गटातील मुलांमध्ये परस्परांत जो फरक आढळला, त्यापैकी किती फरकाचा संबंध जनुकांमधील फरकाशी लावता येतो, एवढेच त्यातून कळते. सगळ्या मुलांना सारखेच पाठ्यपुस्तक, सारख्याच तासिका आणि साधारण सारखेच शिक्षक मिळाले, तर परिस्थितीमुळे पडणारा फरक कमी होतो आणि आनुवंशिकतेचा वाटा केवळ गणिताने वाढतो. एकाही मुलाचे एकही जनुक त्यासाठी बदलावे लागत नाही. उद्या त्यातल्या निम्म्या मुलांचा शिक्षक काढून घेतला, तर हाच वाटा खाली येईल. शाळेत सक्तीने भाषा शिकणाऱ्या किशोरवयीन मुलांचा हा आकडा पन्नाशीत स्वतःहून वर्गात येऊन बसणाऱ्या माणसाला तसाच्या तसा लावणे तर अगदीच गैर आहे.

लेखात ‘भाषेचे जनुक’ म्हणून ज्याचा उल्लेख आहे, ते फॉक्सपी२ हे जनुक २००१ साली लंडनमधील एका कुटुंबाच्या अभ्यासातून सापडले. त्या कुटुंबातील तीन पिढ्यांमधल्या सुमारे निम्म्या व्यक्तींना ओठ व जीभ यांच्या बारीक हालचाली जुळवून बोलणे अवघड जात होते आणि मातृभाषेचे व्याकरणही कठीण जात होते. याला कारणीभूत असलेला या जनुकातील दोष अत्यंत दुर्मीळ आहे. वर्गातल्या शेजाऱ्याला फ्रेंच लवकर का येते आणि आपल्याला का येत नाही, याचे उत्तर त्यात शोधण्यात अर्थ नाही.

माझा खरा आक्षेप स्मरणशक्तीविषयीच्या परिच्छेदाला आहे, कारण तिथे सगळ्या प्रकारच्या स्मृती एकाच पोत्यात भरल्या आहेत. १९८८ साली प्रसिद्ध झालेले इटलीतील एका रुग्ण स्त्रीचे उदाहरण पाहावे. मेंदूच्या आजारानंतर तिला कानावर पडलेले दोन-तीनपेक्षा जास्त आकडे लगेच परत म्हणता येत नसत, मात्र तिची दीर्घकालीन स्मृती शाबूत होती. ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या ती इतरांइतक्याच सहजपणे शिकली. पण ऐकवलेले आठ रशियन शब्द दहा वेळा सांगूनही तिला त्यातला एकही शिकता आला नाही. नवा शब्द पक्का होण्याआधी त्याचा आवाज काही क्षण कानात घोळावा लागतो. हे घोळणे टिकले नाही, तर पुढे साठवायला काही उरतच नाही.

वर्गात हे रोज दिसते. हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला जुने ताळेबंद तोंडपाठ आहेत, परंतु आरोग्यविम्यासाठीचा ‘क्रांकनफेरझिशरुंग’ हा शब्द ऐकला की त्याच्या दुसऱ्या तुकड्याशी पोहोचेपर्यंत पहिला निसटतो. ‘माझी स्मरणशक्ती गेली’ असे ते म्हणत. मी शब्द शेवटाकडून बांधायला घेतला: आधी ‘रुंग’, मग ‘शरुंग’, मग ‘झिशरुंग’, आणि प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांपुढे लिहिलेली अक्षरे. चौथ्या फेरीत शब्द जिभेवर बसला. त्यांच्या जनुकांत त्या पंधरा मिनिटांत काही बदल झाला नसावा.

बसलेला शब्द टिकणे ही आणखी निराळी बाब आहे आणि ती बरीचशी वेळापत्रकाच्या हाती आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ प्रयोगात परक्या शब्दांची उजळणी ५६ दिवसांच्या अंतराने १३ वेळा केल्यावर जेवढे लक्षात राहिले, तेवढ्यासाठी १४ दिवसांच्या अंतराने ती २६ वेळा करावी लागली. प्रयोगात माणसे अवघी चार होती आणि चौघेही एकाच कुटुंबातले होते, हे मान्य; तरीही परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणाऱ्यांनी हे आकडे पाहण्यासारखे आहेत.

मुलांची जनुकीय चाचणी करून मग त्यांना भाषा निवडून द्यावी, ही लेखातली सूचना मात्र मागे घ्यायला हवी. भाषा शिकण्यासारख्या क्षमतेत असंख्य जनुकांचा वाटा असतो आणि एकेकाचा परिणाम इतका सूक्ष्म असतो की, त्यावरून एखाद्या मुलाला जर्मन झेपेल की नाही हे सांगता येत नाही. चाचणीच हवी असेल, तर परकी भाषा शिकण्याचा कल मोजणाऱ्या कागद-पेन्सिलीच्या चाचण्या १९५९ पासून आहेत. अनोळखी आवाज पकडता येतात का, वाक्यातील शब्दाचे काम ओळखता येते का, थोड्या वेळात किती नवे शब्द लक्षात राहतात, हे त्या वेगवेगळे तपासतात. आणि विद्यार्थी यांपैकी नेमका कुठे अडतो हे कळले, तर दुसऱ्या दिवशीचा तास कसा घ्यायचा ते मला ठरवता येते.

आपला नम्र,
एक जर्मन भाषाशिक्षक