सगळेच धबधबे कापसाचे का?

संपादक साहेब, नमस्कार,

पेपरात बघा नाहीतर मोबाईलवर, धबधब्यांचे फोटो हल्ली सगळे एकसारखेच दिसायला लागलेत, पिंजलेला कापूस दगडांवर पसरल्यासारखे. शटर भरपूर वेळ उघडं ठेवलं की असं होतं हे माहितीये, पण पाणी धो धो कोसळत असेल तर एवढं लांब एक्स्पोजर कशाला? १/४ ते १/२ सेकंदाच्या आसपास ठेवून बघा, पाणी वाहतंय हेही कळतं आणि त्यातल्या धारा पण शिल्लक राहतात. लाट खडकावर फुटताना तर मला १/१००० सेकंदच आवडतं, एकेक थेंब हवेत थांबतो. संथ तळ्यावर मात्र ३० सेकंद घ्या खुशाल, तिथे शोभतं.

आणि दिवसा शटर स्लो करायचं म्हणून लोक लेन्सचं छिद्र सरळ एफ/२२ इतकं बारीक करतात, मग डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) अख्ख्या फोटोचा शार्पनेस जातो. त्यापेक्षा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावा, सहा स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) असेल तर १/६० सेकंदाचं साधारण १ सेकंद होतं. पोलरायझर फिल्टर पण थोडा प्रकाश खातो, शिवाय ओल्या दगडांवरची चमक कमी करतो, म्हणजे दोन्ही कामं झाली. कडक उन्हात पांढरा फेस फोटोत नुसता पांढराफट्ट होतो, त्यातले बारकावे पार जातात, नंतर एडिटिंगमध्ये कितीही खटपट करा, परत येत नाहीत, म्हणून ढगाळ दिवसच बरा. ट्रायपॉड जोराच्या प्रवाहात उभा केला तर थरथरतो (हे कुणी सांगतच नाही).

तुम्हाला एक विनंती, फोटोखाली नाव छापता तसा शटर स्पीडही छापा ना, जागा कितीशी लागणार?

– एक वाचक