चारित्र्याचा दाखला देत बसू नकोस

चि. बाळास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईनं पंचायतीला उभं राहायचं ठरवल्यापासून फोनवर तुझं एकच पालुपद आहे, "लोक काय काय बोलतील." बोलतील, यात शंकाच नाही. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या, खरं जिभा अजून जुन्याच आहेत. काय बोलतील, ते पसरतं कसं आणि आपण काय करायचं, हे अर्ज भरायच्या आधी तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. बेळगावच्या उद्यमबागेत जेवणाच्या सुट्टीत घाईनं वाचू नकोस, रात्री खोलीवर निवांत वाच.

बाई चारचौघांत आली की तिच्या कामाचा हिशेब मागं पडतो आणि अंगाचा पुढं येतो. पुरुष उमेदवार रात्री दहाला ठेकेदाराबरोबर टपरीवर दिसला तर "राबतोय बिचारा लोकांसाठी." तीच वेळ, तीच टपरी, तोच ठेकेदार, खरं बाई असली तर "एवढ्या रात्री तिथं काय करत होती?" पुरुषाची दोन घरं अख्ख्या गावाला माहीत असतात, तरी शाळेत झेंडा त्याच्याच हातून चढतो. बाईला मात्र न झालेली गोष्टही चिकटते. नवऱ्याला बरोबर घेऊन हिंडली तर "हिला काय कळतंय, कारभारी तोच." एकटी पीडीओच्या, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याच्या, खोलीत गेली तर दार किती वेळ लोटलेलं होतं ते मोजणारे बाहेर उभे. म्हणून "जरा जपून वाग" असं तिला सांगू नकोस. कितीही जपलं तरी ते पुरत नाही, आणि काम मात्र अडतं. पाण्याची टाकी असो की रोजगार हमीची हजेरी, पीडीओला आणि इंजिनिअरला भेटल्याशिवाय कागद हलत नाही.

कानावर काही आलं की ते वाक्य जसंच्या तसं घे, त्यात तिच्या जागी एखाद्या पुरुष उमेदवाराचं नाव घाल आणि मोठ्यानं म्हणून बघ. "हजेरीपटात खोटी नावं घातली" हे दोघांनाही लागू पडतं. तो खरा आरोप, त्याला कागद दाखवून उत्तर द्यायचं. "फार हसून बोलते", "सारखी कुणाच्या तरी गाडीवर असते" यात पुरुषाचं नाव घातलं की वाक्यात जीवच उरत नाही. असल्या वाक्याला उत्तर नाही.

इथंच बहुतेक नवरे चुकतात. रागाच्या भरात पारावर उभं राहून सांगतात, "माझी बायको तशी नाही." असं म्हणालास की बाईचं चारित्र्य गावानं तपासायचं असतं हे तूच कबूल केलंस. मग उद्या दुसरा पुरावा मागतील, परवा तिसरा. तिच्या चारित्र्याचा दाखला तू द्यायचा नाहीस, मीही देणार नाही. एवढंच विचारायचं, "पाण्याच्या टाकीचं काय म्हणणं आहे तुमचं?"

आपली भाषाही या बाबतीत सरळ नाही. ठेवलेल्या बाईला शिवी आहे, ठेवणाऱ्याला 'रंगेल' आणि 'शौकीन' असे जवळजवळ कौतुकाचे शब्द. 'बाजारबसवी' ही शिवी तू कट्ट्यावर ऐकली असशील. त्यातला 'बसवी' आपल्याच मुलखातला, देवाला सोडलेल्या पोरीसाठीचा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं पोरी सोडायची चाल मोडायला मुंबई इलाख्यानं १९३४ मध्ये कायदा केला, पुढं कर्नाटकानं १९८२ चा आणला. पोरीला सोडलं घरच्यांनी, उपभोगलं पैसेवाल्यांनी, आणि शिवी राहिली तिच्या नावावर. तुझ्या तोंडी हा शब्द कधी आला असेल तर यापुढं येऊ देऊ नकोस.

मान मिळाला तरी हे सुटतंच असं नाही. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथं स्वागतगीत गायलेली अकरा वर्षांची मुलगी म्हणजे पुढच्या थोर गायिका गंगूबाई हनगल. पद्मविभूषणापर्यंत पोचलेली ही बाई सांगायची की पुरुष गवई मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, केसरबाई आणि मोगूबाई यांच्यासारख्या थोर गायिका मात्र नुसत्या 'बाई'च राहतात. आणि शंभर वर्षांनी, १९ डिसेंबर २०२४ ला, आपल्याच बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधात मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याविषयी अपशब्द वापरल्याचा आरोप आमदार सी. टी. रवी यांच्यावर झाला. त्यांनी तो नाकारला, गुन्हा नोंदला गेला, अटक झाली, दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयानं अंतरिम सुटका दिली. खरं-खोटं न्यायालय बघेल. मंत्रिपदावरच्या बाईलाही असली तक्रार घेऊन उभं राहावं लागतं, हे तू ध्यानात ठेव.

आता फोटोचं. सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. सहा जणांचा फोटो असतो, दोन्ही बाजू कापल्या की दोघंच उरतात. नीट बघितलंस तर कडेला तिसऱ्याचं कोपर किंवा पदराचं टोक अर्धवट राहिलेलं असतं. म्हणून प्रत्येक बैठकीचा एक फोटो लांबून, फलक आणि सगळी माणसं येतील असा काढायला सांग, आणि तो त्याच संध्याकाळी आपणच गावच्या ग्रुपवर टाकायचा. कापलेला फोटो दोन दिवसांनी फिरला तरी अख्खा आधीच लोकांनी बघितलेला असतो. मूळ फाईल मात्र फोनमध्येच ठेवायची. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोचा आकार दाबला जातो आणि काढल्याची वेळ, तारीख निघून जाते.

गावच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन तू आहेस. घाण मजकूर आला की पहिलं मन होतं ते पुसून टाकायचं. आधी पुसायचं नाही! पुरावा तिथंच संपतो. दुसऱ्या फोननं व्हिडिओ काढ: ग्रुपचं नाव, मग सरकवत त्या संदेशापर्यंत, तारीख आणि वेळ दिसू दे, मग पाठवणाऱ्याचं प्रोफाइल उघडून नंबर दाखव. नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये तू सेव्ह केलेलं नाव येतं, नंबर येत नाही, आणि पोलिसांना नंबर लागतो. मग चॅट एक्स्पोर्ट कर. त्यानंतर सगळ्यांसाठी डिलीट करायचं आणि त्या माणसाला काढायचं. संदेशावर दुहेरी बाणाची खूण असली तर तो आधीच पाच-सहा हातांतून आलाय, टाकणारा तो बनवणारा असेलच असं नाही. अ‍ॅडमिनवर दुसऱ्याच्या मजकुरासाठी आपोआप गुन्हा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. त्या आडोशाला तू बसू नयेस, एवढंच माझं मागणं.

नग्न किंवा दुसऱ्याच्या अंगावर चेहरा जोडलेला फोटो असेल तर त्याच तासाला कामाला लाग. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीचा, तिथं वेळ घालवू नकोस. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर महिलांवरच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे. निनावी तक्रार करता येते, खरं मग पुढं काय झालं ते बघता येत नाही, म्हणून नावानंच करावी. फेसबुक, इन्स्टाग्रामला तक्रार केली की असला फोटो २४ तासांत काढायचं बंधन २०२१ च्या नियमांनी घातलं होतं, २०२६ मध्ये ती मुदत दोन तासांवर आणलीय. असले खाजगी फोटो पसरणं रोखायला स्टॉप एनसीआयआय नावाची ऑनलाइन सोयही आहे. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा नुसता आकड्या-अक्षरांचा ठसा तयार होऊन कंपन्यांना जातो. फोटो कापला किंवा बदलला की ठसा बदलतो, म्हणून प्रत्येक बदललेल्या फोटोचा वेगळा करावा लागतो. व्हॉट्सॲपच्या बंद ग्रुपातलं मात्र त्यानं थांबत नाही.

पोलिसांत तक्रार कन्नडात लिहिली जाते आणि आपल्या भागात नेमकं तिथंच बिनसतं. "ती चालू आहे" याचं कन्नडात "सुरू आहे" होऊन बसतं, 'भानगड' चा नुसता 'संबंध' होतो, आणि मग वाचणाऱ्याला यात अपमान कुठं आहे हेच कळत नाही. म्हणून मूळ मराठी शब्द अवतरणात तसाच घालायला लाव, कन्नड लिपीत आणि शेजारी देवनागरीत, आणि त्याचा अर्थ पुढं वेगळ्या वाक्यात. लिहिलेलं वाचून दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे. सही करायच्या आधी कन्नड येणाऱ्या आपल्या माणसाकडून पुन्हा वाचून घे. आमची हद्द नाही म्हणाले तर झिरो एफआयआर माग, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तिथंच नोंदवायची तक्रार.

कलमं तोंडपाठ नकोत, डायरीत लिहून ठेव. भारतीय न्याय संहितेचं ७९ हे स्त्रीच्या लज्जेचा अपमान करणाऱ्या शब्दांना आणि हावभावांना, तीन वर्षांपर्यंत कैद. ७८ पाठलागाला, त्यात ऑनलाइन पाळतही येते. ३५६ बदनामीला. १७५ हे निवडणुकीत उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटं पसरवण्याला, त्याला फक्त दंड आहे, तरी त्याची प्रत निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायची आणि पोच घ्यायची. अश्लील मजकुराला आयटी कायद्याचं ६७ आणि ६७अ. न्यायालयात मोबाइलवरच्या मजकुराची काढलेली प्रत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राशिवाय उभी राहत नाही. त्यात एक भाग फोन ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. म्हणून ज्या फोनवर संदेश आला तो विकायचा नाही, रिसेट करायचा नाही.

एक गोष्ट राहिली, आणि मला तिचीच जास्त धास्ती आहे. वॉर्ड राखीव असला तर समोरही बाईच उभी असणार. आपली पोरं तिच्याबद्दल तेच बोलतील, "वैनींसाठी बोललो" म्हणून तुझ्याकडेच शाबासकी मागतील. पहिल्या शब्दालाच थांबव, सगळ्यांसमोर, मग तो आपला चुलतभाऊ का असेना. तिचा कापलेला फोटो कुणी आणून दिला तर पुढं पाठवायचा नाही, आणि आपल्याजवळ आहे हे तिच्या घरी कळवायचं.

रविवारी येताना जुना फोन आणि त्याचा चार्जर घेऊन ये, दुसऱ्या हातात तोच लागेल. डायरी मी इथं आणून ठेवलीय.

तुझी आई